माशी, खाच आणि डोळा

नरक चतुर्दशीची पहाट होती. अभ्यंगस्नाने उरकली होती, कारीट पायाखाली फुटले होते आणि फराळाच्या ताटावर बसण्यापूर्वीची जी थोडी सवड असते तिच्यात आमचे पाच वर्षांचे नातवंड टिकल्यांचे पिस्तुल घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. त्याने हात लांब केला, जिभेचे टोक ओठांबाहेर काढले, डावा डोळा गच्च मिटला आणि फर्मावले, "आजोबा, हलू नका हं!" टिकली फुटली, चिमूटभर धूर झाला आणि मी रीतसर मेलो.

मरता मरता माझ्या मनात एक प्रश्न मात्र राहून गेला. ह्या पोराला एक डोळा मिटायला शिकवले कुणी? त्या पत्र्याच्या नळीतून आवाजाखेरीज काही सुटत नाही. तिच्यावर नेम धरण्याची काही सोयही नाही. तरीसुद्धा नेम म्हटला की एक डोळा मिटायचा, हे ज्ञान त्याला कुठून तरी आलेच. चारपाचशे वर्षांचा एक इतिहास त्या मिटलेल्या डोळ्यात बसलेला आहे. फराळ करता करता तो थोडासा उलगडून पाहिला तर वाचकांची हरकत नसावी.

आधी एक प्रयोग करून पाहा. हात लांब करून अंगठा दारातल्या आकाशकंदिलासमोर धरा. अंगठ्याचे नख स्वच्छ पाहू गेलात की मागचा कंदील विरघळल्यासारखा होतो. कंदील स्वच्छ पाहिलात की एका अंगठ्याचे दोन अंगठे होतात. आता एक डोळा मिटा. दुसरा अंगठा नाहीसा होईल, पण नख आणि कंदील दोन्ही एकाच वेळी स्वच्छ दिसणे काही जमणार नाही. डोळ्याला एका वेळी एकच अंतर लख्ख दिसते, ही त्याची जन्मजात अडचण आहे. बंदूकवाल्याला तर तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात. डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि दूरचे लक्ष्य. तीन वस्तू, तीन अंतरे, आणि पाहणारा डोळा एक. नेम धरण्याच्या साधनांचा सारा इतिहास ह्या तिढ्यातून वाट काढण्याचा इतिहास आहे.

माशी हा शब्द आपल्या लोकांनी मोठा नामी योजला आहे. नळीच्या टोकावरचा तो लोखंडाचा कण खरोखरच एखादी माशी येऊन बसावी तसा दिसतो. त्याहून मौजेचा शब्द 'शिस्त'. आज शिस्त म्हटले की शाळेतली रांग आणि गुरुजींची छडी आठवते. पण फारसीतून आलेल्या ह्या शब्दाचा जुन्या मराठीत अर्थ होता नेम. बंदुकीची शिस्त धरायची, शिस्त बांधायची, मग बार काढायचा. एकाच शब्दात नेम आणि वळण हे दोन अर्थ कसे नांदले, ते पुढे आपोआप ध्यानात येईल.

आपल्याकडच्या जुन्या तोड्याच्या बंदुका संग्रहालयांतून पाहायला मिळतात. जळत्या दोरीने म्हणजे तोड्याने रंजक पेटवायची ही बंदूक. तिच्या लांब नळीवर पुढे माशी आणि मागे खाच बहुधा असतेच. तुर्की बंदुकांना तर मागे भोके पाडलेली उभी पट्टी असे. म्हणजे नेम धरण्याची हौस आणि अक्कल पूर्वेकडे चांगली मुरलेली होती. अकबर बादशहाची 'संग्राम' नावाची बंदूक इतिहासात गाजली ती एका नेमासाठी. १५६८ च्या फेब्रुवारीत चितोडच्या वेढ्यात तटाच्या खिंडाराशी एक सरदार लोकांना हुकूम देताना दिसला. बादशहाने शिस्त धरून बार काढला. अबुल फजल सांगतो की, शिकार साधल्यावर हाताला जो एक हलकेपणा जाणवतो तो जाणवला, म्हणून नेम लागला असावा, असे अकबर जवळच्यांना म्हणाला. तो सरदार म्हणजे चितोडचा किल्लेदार जयमल, हे मागाहून कळले. पुढे जहांगीरानेही आपल्या आत्मचरित्रात ह्या बंदुकीची आठवण अभिमानाने नोंदली आहे.

अशी नेमाची परंपरा असताना, नंतरच्या काळात युरोपातल्या कवायती फौजांनी जग जिंकले ते मात्र नेम न धरता! ऐकायला विचित्र वाटेल, पण गोष्ट खरी आहे. इंग्रजांची 'ब्राउन बेस' ही चकमकीची बंदूक पाऊण इंच रुंद नळीची. तिच्यात जाणारी शिशाची गोळी मात्र त्याहून चांगली सैल, सुमारे दीड मिलिमीटर कमी. दारूच्या काजळीने नळी माखली तरी गोळी झटपट आत जावी, म्हणून ही सवलत. परिणाम असा की गोळी नळीत इकडून तिकडे आपटत बाहेर पडे आणि शेवटचा धक्का ज्या बाजूचा असेल त्याच्या विरुद्ध बाजूला जाई. अशा बंदुकीला खाच देऊन उपयोग काय? मागे खाच नव्हतीच. पुढे संगीन अडकवायचा जो खुंट असे तोच माशीच्या जागी. कवायतीच्या हुकमांत नेम हा शब्ददेखील नव्हता; बंदूक समोर धरा आणि झाडा, एवढेच. जॉर्ज हँगर नावाच्या अनुभवी इंग्रज कर्नलाने १८१४ मध्ये स्पष्टच लिहिले की, शिपायाच्या बंदुकीचा भरवसा ऐंशी, फार तर शंभर यार्डांपर्यंत. पुढे सारे दैवावर.

मग लढाया जिंकल्या कशा? खांद्याला खांदा लावून तीन रांगा उभ्या करायच्या आणि शेकडो बंदुका एकदम उडवायच्या. एकाची गोळी चुकली तरी शंभरांपैकी काही लागणारच. इथे शिपायाच्या डोळ्याला किंमत नव्हती. किंमत होती रांग न मोडण्याला. शिस्त ह्या शब्दाचा नेम हा अर्थ मागे पडून रांग हा अर्थ पुढे यावा, असाच हा काळ होता. दोन अर्थ खरोखर असेच बदलले असे माझे म्हणणे नाही, पण योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

नेमाला पुन्हा प्रतिष्ठा आली ती रायफलीमुळे. नळीच्या आत पेचदार आटे पाडले की गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते, आणि फिरता भोवरा जसा तोल सोडत नाही तशी ती आपली वाट सोडत नाही. शिकारी लोकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. पण घट्ट गोळी आट्यांतून ठासायला वेळ लागे, म्हणून सेनापती तिच्यापासून दूर राहिले. १८०० च्या सुमारास इंग्रजांनी काही निवडक पलटणींना बेकर रायफल दिली आणि तिच्या मागच्या बाजूला खाचही दिली. त्या पलटणीतल्या टॉमस प्लंकेट नावाच्या शिपायाने १८०९ च्या जानेवारीत स्पेनमधल्या काकाबेलोस गावाजवळ बर्फात उताणे पडून, बंदुकीचा पट्टा पायात अडकवून फ्रेंच सेनापती कोल्बेर ह्याला टिपले. उताणे पडून नेम धरायचा, हे आपल्याला हसू आणील. पण त्यातली अक्कल अशी की माणसाचे शरीर सर्वांत कमी हलते ते जमिनीला टेकलेले असताना. पालथे पडणे, गुडघ्यावर बसणे, उभे राहणे ही नेमाची आसनेच आहेत, आणि आसन साधल्यावाचून डोळा साधत नाही.

पुढे १८४९ मध्ये फ्रेंच अधिकारी मिनिए ह्याने बुडाशी पोकळ असलेली गोळी काढली. ती नळीत सैल उतरे आणि बार झाल्यावर फुगून आट्यांत घट्ट बसे. झटपट भरणे आणि अचूक मारणे ह्यांचे भांडण मिटले. तिच्यावर आधारलेली १८५३ सालच्या नमुन्याची एनफील्ड रायफल आली, आणि तिच्या पाठीवर आली एक छोटी लोखंडी शिडी. शिडी उभी करून तिच्यावरची खाच हव्या त्या आकड्याशी सरकवायची. आकडे ९०० यार्डांपर्यंत. ह्याचे कारण असे की गोळी कधीच सरळ रेषेत जात नाही. सुटल्यापासून ती खाली पडतच असते. म्हणून लांबचे मारायचे तर नळीचे तोंड वर करावे लागते, आणि किती वर, ते शिडी सांगते. पण अंतर कोण सांगणार? ते शिपायाने नजरेने ओळखायचे. तीनशे यार्डांसाठी खाच लावली तर गोळी मधल्या वाटेत माणसाच्या डोक्यावरून जाईल इतकी चढे. अंतर चुकले की नेम चुकला. म्हणून इंग्लंडात हाइथ येथे १८५३ मध्ये खास शाळा निघाली. किती अंतरावर माणसाचा चेहरा ओळखू येतो, किती अंतरावर बटणे दिसेनाशी होतात, हे तिथे शिपायाला घोकावे लागे.

ही विद्या हिंदुस्थानी शिपायांना शिकवण्यासाठी डमडम, अंबाला आणि सियालकोट येथे केंद्रे उघडण्यात आली, आणि इथेच आपल्या इतिहासाची गाठ पडते. ह्याच रायफलीची ती चरबीची काडतुसे. १८५७ च्या जानेवारीत डमडमला काडतुसांची कुजबुज सुरू झाली आणि पुढचे सारे आपण शाळेत वाचले आहे. पण शाळेत एक गोष्ट सांगत नाहीत. उठाव मोडल्यावर हिंदुस्थानी शिपायांसाठी १८५८ च्या नमुन्याची नवी बंदूक निघाली. बाहेरून ती हुबेहूब एनफील्ड. आत मात्र आटे नाहीत. नळी गुळगुळीत आणि रुंद. आणि पाठीवरची ती शिडीही नाही. तिच्या जागी एक साधी न हलणारी खाच. म्हणजे ज्याच्या हाती बंदूक द्यायची त्याला लांबचा नेम धरता येऊ नये, ही तजवीज. अविश्वासाचे कागदपत्र पुष्कळ असतात, पण इतका बोलका अविश्वास लोखंडात कोरलेला मी दुसरा पाहिला नाही. त्यानंतरही कित्येक वर्षे गोऱ्या पलटणीला नवे हत्यार आणि काळ्या पलटणीला त्याच्या मागचे, असा शिरस्ता राहिला.

दुसरीकडे, १८६० च्या जुलैत विम्बल्डनच्या मैदानावर व्हिक्टोरिया राणीने नेमबाजीच्या पहिल्या मोठ्या मेळाव्याचे उद्घाटन केले. व्हिटवर्थ रायफल एका चौकटीत घट्ट बसवून आधीच नेम लावून ठेवली होती. राणीने रेशमी दोरी ओढली आणि गोळी चारशे यार्डांवर मध्याच्या अगदी जवळ लागली. नेम दुसऱ्याने धरायचा आणि दोरी आपण ओढायची, हे राज्यकर्त्यांना साधतेच म्हणा!

शतक संपेपर्यंत शिड्यांवरचे आकडे फुगत गेले. पहिल्या महायुद्धात आपले शिपाई जी .३०३ रायफल घेऊन लढले तिच्या डाव्या अंगाला एक वेगळी तबकडी असे. तिच्यावर २८०० यार्डांपर्यंत आकडे. अडीच किलोमीटरांवरचा माणूस नुसत्या डोळ्याला दिसतो कुठे? तो दिसावा अशी अपेक्षाही नव्हती. अख्ख्या कंपनीने एका टेकडीवर गोळ्यांचा पाऊस पाडायचा, ही त्यामागची कल्पना. तीन रांगांची जुनी कवायतच नवे कपडे घालून आली होती. ते काम मशीनगनने हिरावून घेतले आणि १९१६ मध्ये ती तबकडी काढून टाकण्यात आली.

आता त्या मूळ तिढ्याकडे वळू. खाच आणि माशी असली की तज्ज्ञांचा सल्ला एकच : माशीकडे पाहा. लक्ष्य धूसर दिसले तरी चालेल, खाचही धूसर चालेल, माशी मात्र लख्ख दिसली पाहिजे. नवशिक्याला हे पटत नाही. ज्याला मारायचे त्याच्याकडे पाहायचे नाही म्हणजे काय? पण हिशेब सोपा आहे. खाच आणि माशी ह्यांच्यात अर्धा मीटर अंतर असेल आणि माशी एका मिलिमीटरने सरकली, तर शंभर मीटरांवर गोळी वीस सेंटिमीटर बाजूला जाते. पिस्तुलात तर हे अंतर वीतभरच, म्हणून चूक आणखी मोठी. जवळची तसूभर चूक दूर जाऊन हातभर होते, हे संसारातही खरेच आहे.

ह्या तिढ्यातून पहिली सुटका केली ती छिद्राने. मागे खाचेऐवजी बारीक भोक ठेवले की दोन फायदे होतात. एक तर डोळा आपोआप भोकाच्या मध्याशी जातो. त्याला मुद्दाम जुळवावे लागत नाही. दुसरे, बारीक भोकातून पाहिले की दूरचे आणि जवळचे दोन्ही रेखीव दिसते. चष्मा हरवला तर पोस्टकार्डाला सुईने भोक पाडून त्यातून वर्तमानपत्र वाचून पाहा, अक्षरे उमटतील. तीनांतली एक वस्तू अशी हिशेबातून गळाली, उरल्या दोन. दोष एवढाच की संधिप्रकाशात बारीक भोक आंधळे होते. दुसऱ्या महायुद्धाच्या रायफलींवर हीच तऱ्हा रूढ झाली.

दुसरी सुटका दुर्बिणीची. दुर्बिणीच्या आत जिथे दूरच्या वस्तूची प्रतिमा पडते, नेमक्या त्याच जागी दोन तंतूंची फुली ठेवली तर फुली आणि लक्ष्य एकाच वेळी स्वच्छ दिसतात. तीनांचे एक झाले! ही युक्ती सापडली ती बंदूकवाल्याला नव्हे, विल्यम गॅस्कॉइन ह्या तरुण इंग्रज ज्योतिर्विदाला, १६४० च्या आसपास. त्याच्या दुर्बिणीत कोळ्याने धागा विणला आणि तो धागा ताऱ्याइतकाच लख्ख दिसला, अशी कथा आहे. बिचारा १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला. बंदुकीवर दुर्बीण चढवण्याच्या खटपटीत पुढे कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत नोकरी केलेला डेव्हिड डेव्हिडसन हा अधिकारी होता. त्याच्या दुर्बिणी व्हिटवर्थ रायफलीला जोडून अमेरिकेच्या यादवीत दक्षिणेकडच्यांनी वापरल्या. १८६४ च्या मे महिन्यात सेजविक नावाचा उत्तरेकडचा सेनापती, एवढ्या लांबून त्यांना हत्तीसुद्धा टिपता यायचा नाही, असे आपल्या भेदरलेल्या शिपायांना हसत सांगत होता. थोड्याच वेळात गोळी त्याच्या डोळ्याखाली लागली. पण दुर्बिणीलाही तिची किंमत आहे : दिसते मोठे पण दिसतो तुकडा, आणि हाताचा कंपही तितकाच मोठा होतो.

तिसरी सुटका सर्वांत चतुर. रात्री आगगाडीच्या खिडकीशी बसलात की डब्यातला दिवा काचेत उमटतो आणि बाहेरच्या शेतावर तरंगताना दिसतो. डब्लिनचा दुर्बीण-कारागीर हॉवर्ड ग्रब ह्याने १९०० मध्ये अशाच तत्त्वावर नेमाची काच काढली. तिरप्या काचेत एक प्रकाशाची खूण दिसते, आणि भिंगामुळे ती लक्ष्याइतकीच दूर असल्यासारखी भासते. डोके थोडे हलले तरी खूण लक्ष्यावरच राहते. विमानांतल्या बंदुकांना ही काच लागली, आणि १९७५ मध्ये स्वीडनमध्ये तिचेच लहानसे विजेवर चालणारे रूप निघाले, ज्यात नुसता तांबडा ठिपका दिसतो. ह्या ग्रबचे नाव पुणेकरांना परके वाटू नये. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहांच्या देणगीतून पुण्यात १८८८ मध्ये जी वेधशाळा निघाली, जिथे कावसजी दादाभाई नाईगमवाला वेध घेत, तिची वीस इंची मोठी दुर्बीण ग्रबच्याच कारखान्यातली. ती १९१२ मध्ये कोडाईकनालला गेली.

आणि गंमत अशी की ह्या काचेतून पाहताना एक डोळा मिटायचा नसतो! दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. उडते पाखरू टिपणाऱ्या छऱ्याच्या बंदुकीवाल्यांना हे आधीपासून ठाऊक होते. त्यांच्या बंदुकीला खाच नसतेच, नुसता मणी असतो, आणि ते मण्याकडे पाहतही नाहीत. पाहतात पाखराकडे, आणि बार काढतात त्याच्या थोडा पुढे.

तरी साधनाने सारे होत नाही. लहानपणी जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीने मी चार आण्यांचे छर्रे वाया घालवले. ठेल्यावरचा पोरगा मात्र न पाहिल्यासारखे करून प्रत्येक फुगा फोडी. माशी वाकलेली होती आणि किती वाकलेली ते त्याला ठाऊक होते. आपल्या बंदुकीचे वाकडेपण ओळखणे, हा नेमाचा पहिला धडा. दुसरा श्वासाचा : श्वास अर्धा सोडून क्षणभर थांबायचे. तिसरा बोटाचा : चाप ओढायचा नाही, दाबत जायचे, इतके हळू की बार कधी होईल ते आपल्यालाही कळू नये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिम्पिकचे कांस्यपदक मिळवले ते दुर्बिणीने नव्हे. मागे छिद्र, पुढे वर्तुळ, आणि पन्नास मीटरांवर साधारण एक सेंटिमीटरभर मध्यबिंदू. गुडघ्यावर, पालथे आणि उभ्याने, तिन्ही आसनांत. ज्यांच्या पणजोबांच्या बंदुकीवरची शिडी काढून घेतली होती, त्यांच्या पोराने हा नेम धरला, ह्याचे मला फार बरे वाटले.

शेवटी एक गोष्ट सांगतो. १७७७ चा सप्टेंबर, अमेरिकेतली ब्रँडीवाइनची लढाई. पॅट्रिक फर्ग्युसन हा इंग्रज अधिकारी स्वतः शोधलेली रायफल घेऊन झाडीत दबा धरून होता. रांगेने आंधळ्या गोळ्या झाडण्याच्या त्या काळात नेम धरणाऱ्या थोड्या लोकांपैकी हा एक. समोर शंभर यार्डांच्या आत एक घोडेस्वार शत्रू अधिकारी आला, आणि शांतपणे पाठ फिरवून निघाला. फर्ग्युसनला सहापाच गोळ्या त्याच्यात घालता आल्या असत्या. पण आपले काम निश्चिंतपणे करत असलेल्या माणसाच्या पाठीत गोळी घालणे त्याला रुचले नाही, असे त्याने पुढे पत्रात लिहिले. त्याच दिवशी त्याच्या स्वतःच्या कोपराचा चुराडा झाला. नंतर त्याला सांगण्यात आले की त्या सकाळी तिकडे जॉर्ज वॉशिंग्टन फिरत होता. तो स्वार वॉशिंग्टनच होता की नाही, हा वाद इतिहासकारांना खुशाल घालू दे. मला मोल वाटते ते त्या न झाडलेल्या गोळीचे. रांगेतल्या शिपायाला समोरचा माणूस दिसतच नव्हता. म्हणून झाडायचे की नाही हा प्रश्नही त्याला पडत नव्हता. ज्याला नेम धरता येतो त्यालाच तो सोडताही येतो. शिस्त ह्या शब्दाचे दोन्ही अर्थ मला त्या एका क्षणात एकत्र आलेले दिसतात.

फराळ झाल्यावर नातू पुन्हा पिस्तुल घेऊन आला. मी त्याला म्हटले, "अरे, दोन्ही डोळे उघडे ठेवून बघ बरे." त्याने तसे केले, थोडा वेळ माझ्याकडे टक लावून पाहिले, आणि पिस्तुल खाली केले.

"काय झाले रे?"

"आजोबा, तुम्ही हसताय," तो म्हणाला. "मग कसे मारू?"